मुद्देमाल : लाटणी

“मानवजातीचा इतिहास तलवारीनं घडवला नाही, लेखणीनंही नाही; तो लाटण्यानं घडवला आहे,” पोलीस ठाण्याच्या मधोमध उभा राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून मी म्हणालो.

हवालदार तांबोळींनी पेन्सिल जिभेला लावली. “साहेब, हे पंचनाम्यात घ्यायचं का?”

“नको, नको. ते मी सहज बोललो.”

“‘मानवजातीचा इतिहास’ इथपर्यंत लिहून झालंय. खोडतो.”

आमच्या पायाशी, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांवर, लाटण्यांचा ढीग पडला होता. लांब होती, आखूड होती, पोटाशी फुगलेली होती, आणि एक पूर्वी खुर्चीचा पाय असावं असा तांबोळींना संशय होता. त्या दिवशी सकाळी साकुरवेढ्याच्या बायकांनी कचेरीवर मोर्चा आणला होता आणि गावात नव्यानं आलेल्या फौजदार घोलपानं, म्हणजे मी, तो निःशस्त्र केला होता. नोकरीतली माझी ती पहिली मोठी कामगिरी. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तिच्याहून मोठी काही आठवत नाही.

“लिहा,” मी म्हणालो. “मुद्देमालाचं वर्णन. लाटणे. लाकडी. आकारानं गोल.”

“गोल म्हटलं तर चेंडू वाटंल, साहेब.”

“मग लांबट गोल.”

“तो दुधी भोपळा झाला.”

“तांबोळी, लाटणं म्हणजे लाटणं! कोर्टाला ठाऊक असतं.”

“कोर्टाच्या बायकोला ठाऊक असतं,” तांबोळी शांतपणे म्हणाले. नोकरीत त्यांचे केस पिकले होते. “कोर्टाला समजावून सांगावं लागतं. आणि उपयोग लिहायला लागंल. हत्यार म्हणून धरायचं, तर एरवी त्याचं काय करतात ते आधी सांगायचं असतं. कोयत्याला आपण ‘ऊस तोडणे व इतर’ लिहितो.”

“मग लिहा, चपात्या लाटणे.”

“चपात्या का पोळ्या?”

“काय फरक पडतो?”

“मोर्च्याच्या पुढं ओगलेबाई होत्या. ‘चपात्या’ असलं तर त्या सही करणार न्हाईत.”

“दोन्ही लिहा.”

“पापड, पुऱ्या, करंज्या?”

“घ्या.”

“शेंगदाण्याचं कूट करणे. लसूण ठेचणे. मोरीच्या खिडकीला अडसर लावणे. पोरांना दाखवणे.”

“दाखवणे?”

“मारायचं नसतं, साहेब. नुसतं दाखवायचं. आमच्या घरी पोरांचं तेवढ्यावर भागतं.” तांबोळींनी पेन्सिलीचं टोक न्याहाळलं. “माझंबी भागतं. आन् सकाळी बायका ‘तेल कुणी लाटलं’ म्हणून ओरडत होत्या, त्या लाटण्याचं काय करू? तोबी एक अर्थ झाला.”

“तो नका लिहू,” मी घाईघाईनं म्हणालो. “तो अजून सिद्ध व्हायचाय.”

प्रकरण तेलाचं होतं. रेशनच्या दुकानातलं पामतेल महिनाभर गायब होतं. दुकानदार म्हणायचा, वरून आलंच नाही. वरचे म्हणायचे, आम्ही केव्हाच खाली पाठवलं. वर आणि खाली यांच्या मध्ये आमची मामलेदार कचेरी होती. पण तिच्याकडं बोट दाखवायची रीत नव्हती. शेवटी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ओगलेबाई यांनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि प्रत्येकीला आपापलं लाटणं घेऊन यायला सांगितलं.

मोर्चा कचेरीच्या फाटकाशी आला तेव्हा मी छाती काढून उभा होतो. मामलेदार हर्डीकरसाहेब ओसरीवर येऊन म्हणाले, “घोलप, हत्यारं ताब्यात घ्या.”

“साहेब, ती लाटणी आहेत.”

“घरात असतात तोवर लाटणी. उंबरा ओलांडला की हत्यारं.”

मी बायकांना हात जोडून विनंती केली. नवल म्हणजे कुणीही वाद घातला नाही. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी एकेकीनं लाटणी पोत्यावर ठेवली. आणि त्या रांगेतून, डोक्यावरचा पदर सारखा करत, हातातलं लाटणं माझ्यापुढं धरून उभ्या राहिल्या त्या माझ्या सासूबाई.

“मामी! तुम्ही?”

“मी न्हाई तर कोन? तेल न्हाई म्हून आले. तुमच्याच जेवनापायी आले. धरा!” त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं. “आदळू नगा. बाभळीचं हाय. त्याच्याबिगार माझ्या हातनं पोळीत पुरन ऱ्हात न्हाई.”

मागच्या बाईनं कुजबुजत विचारलं, “तुमचा जावई काय वं ह्यो?”

“व्हय,” मामी म्हणाल्या. घरात कुणाला तरी जुनाट खोकला आहे हे सांगावं, त्या सुरात.

मामी आमच्याकडं आल्या होत्या त्या धोंड्याच्या महिन्यासाठी. अधिक महिन्यात सासूनं जावयाला पुरणाचं जेवू घालायचं असतं. खरं तर आम्हीच सासुरवाडीला जायचं. पण मला रजा मिळेना, म्हणून मामीच पुरणाची डाळ, गूळ आणि स्वतःचं लाटणं पिशवीत घालून एसटीनं आल्या होत्या. तेल मात्र त्यांनी आणलं नव्हतं. फौजदाराच्या घरी तेल असणारच, असा त्यांचा सरकारवर विश्वास होता. आणि दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. म्हणजे अधिक महिना संपला. पुढचा येणार तीन वर्षांनी.

मोर्चा संपला. ओगलेबाईंनी लाटणी परत मागितली. हर्डीकरसाहेब म्हणाले, “रीतसर अर्ज करा.”

ओगलेबाईंनी चष्मा पुसला. “करतो की. तोवर तुम्हीही रीतसर जेवा.”

आमची चूक इथंच झाली. साकुरवेढ्यात तांब्या घ्या, वाटी घ्या, साधा चमचा घ्या. त्याच्यावर नाव घातलेलं असतं, आणि कुणी कुणाच्या लग्नात दिला तेही. पण लाटण्यावर कुणी नाव घालत नाही. आम्ही ती सगळी पोत्यात भरली आणि ठाण्यात आणून ओतली.

त्या संध्याकाळी आमचा पंचनामा ‘व इतर’वर अडलेला असताना दारातून हर्डीकरसाहेब आत आले. बरोबर शिपाई नाही, कोणी नाही. मी टाच आपटून सलाम ठोकला.

“घोलप,” ते आढ्याकडं बघत म्हणाले, “आमचं तेवढं लाटणं द्या.”

“आपलं, साहेब?”

“हिचं. तिसऱ्या रांगेत होती म्हणे. मला घरी गेल्यावर कळलं. ताटात नुसता भात होता.”

“कसं आहे साहेब, आपलं लाटणं?”

साहेबांनी फार वेळ विचार केला. “लाकडी,” ते म्हणाले.

तांबोळी खोकले. मी ढिगाकडं हात केला. साहेबांनी वाकून, मंडईत काकडी निवडावी तशी दोन-तीन लाटणी दाबून पाहिली, एक उचललं, कोटाच्या आत घातलं आणि जाता जाता म्हणाले, “बाकीची उद्या ओळख पटवून देऊन टाका. अर्जबिर्ज राहू द्या.”

थोड्याच वेळात त्यांचा शिपाई ते लाटणं घेऊन परत आला. “बाईसाहेब म्हणतात, हे हातात नाचतं. दुसरं द्या.”

तांबोळींनी दुसरं दिलं. ते परत आलं नाही. सुटलो, असं आम्हाला वाटलं.

मी घरी गेलो तर मंदा, म्हणजे माझी बायको, ताट वाढून माझ्याकडं न बघता उभी. ताटात भात आणि दूध. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“अगं, शेजारच्यांकडून एखादं लाटणं आणायचं,” मी म्हणालो.

“शेजारच्यांचं तुमच्याचकडं आहे,” मंदा म्हणाली.

“असतं तरी काय उपेग?” मामी म्हणाल्या. “दुसऱ्याच्या लाटन्यानं पुरनाची पोळी फुटती, पाव्हनं. अन् फुटकी पोळी मी जावयाच्या ताटात वाढायची न्हाई. त्यापरीस तीन वरसं थांबलेलं बरं.”

“थोरल्या भावजींचं झालं जेवण,” मंदा भांड्यांशी बोलल्यासारखी म्हणाली. “ताईचं पत्र आलंय. चांदीची वाटी दिली आईनं. चार पदार्थ तळलेले होते. त्यांनी काही आईचं लाटणं जप्त केलं नव्हतं.”

आमचे थोरले साडू सहकारी बँकेत रोखपाल होते. दर दिवाळीला मला भेटून ते विचारायचे, “काय फौजदार, काही पकडलं का?” आता त्यांना उत्तर मिळणार होतं. मी दूधभात खाल्ला. त्या क्षणापासून माझ्या दृष्टीनं हा तेलाचा प्रश्न राहिला नाही, कायदा-सुव्यवस्थेचाही नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत मामींचं लाटणं मामींच्या हातात आणि पुरणाची पोळी माझ्या पानात पडायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात ओळख परेड भरली. एरवी परेडमध्ये साक्षीदार एक आणि संशयित अनेक असतात. इथं दोन्हीही अनेक होते. पहिल्याच लाटण्याला तीन बायकांनी हात घातला.

“हे माझं!”

“माझं! ह्याला इथं पोचा आहे.”

“पोचे सगळ्यांनाच असतात. तुझ्या नवऱ्याला पण आहे.”

“शांत राहा!” मी ओरडलो. कुणी लक्ष दिलं नाही. मग ओगलेबाईंनी वर्गात मारतात तशी टाळी वाजवली आणि शांतता झाली.

“डोळ्यांना काय कळतंय?” त्या म्हणाल्या. “लाटून बघा. हाताला बरोबर कळतं.”

कणकेचा गोळा आला, पोळपाट आला. माझ्या टेबलावरचे कागद खाली उतरले आणि त्यावर पीठ पसरलं. बायका एकेक लाटणं उचलायच्या, पोळीवरून दोनदा फिरवायच्या आणि मान हलवून खाली ठेवायच्या. मधेच एखादीचा चेहरा उजळायचा. पोळपाटावर पोळी आपली आपण फिरायला लागली की लाटणं तिचं. आता लाटलेल्या पोळ्या टाकून थोड्याच द्यायच्या? तांबोळींनी चहाचा स्टोव्ह पेटवून वर तवा ठेवला. कोठडीत एक शेळीचोर होता. पहिल्या गरम पोळ्या त्याला गेल्या. त्याचा मेहुणा जामिनाचे कागद घेऊन आला तेव्हा तो गजांतून म्हणाला, “साहेब, जामीन उद्याच्याला झाला तर चालंल का?”

मामी मंदाबरोबर कोपऱ्यात उभ्या होत्या. मंदाच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. त्यात पुरण होतं. साध्या कणकेवर कुठलंही लाटणं चालतं, खरी पारख पुरणावर, असं मामींचं मत होतं.

“मामी, या की पुढं.”

“नगं. जावयाचं ठानं हाय. आधी घुसले तर लोक तुमास्नी नावं ठेवतील.”

त्या शेवटपर्यंत थांबल्या. ढीग उतरत गेला. खुर्चीच्या पायालासुद्धा धनीण मिळाली. शेवटी पोत्यावर एकच लाटणं उरलं. मामींनी ते उचललं, पोळपाटावर ठेवलं, एकदा फिरवलं. लाटणं डावीकडं निघालं, पोळी उजवीकडं. सातारा जिल्ह्याच्या आकाराची पोळी तयार झाली.

“ह्ये माझं न्हाई,” मामी म्हणाल्या. “ह्ये नाचतंय.”

तांबोळींनी माझ्याकडं पाहिलं. मी तांबोळींकडं पाहिलं. नाचणारं लाटणं काल कुणाकडून परत आलं होतं, आणि त्याच्या बदल्यात कोणतं गेलं होतं, हे आम्हा दोघांना एकदमच उमजलं.

“पाव्हनं, माझं लाटनं कुठं हाय?”

“मामी, ते… वरच्या कोर्टात गेलंय.”

“म्हंजी?”

“म्हणजे मामलेदारसाहेबांच्या घरी,” तांबोळींनी भाषांतर केलं.

“मग चला की,” मामी म्हणाल्या.

वरिष्ठाच्या घरी जाऊन, जेवणाच्या वेळी, त्याच्या बायकोच्या हातातून लाटणं काढून घ्यायचं. याला आमच्या नियमावलीत कुठंही आधार नव्हता. मी मंदाकडं पाहिलं. ती पातेल्याकडं पाहत होती. मी टोपी घातली. नाचणारं लाटणं रीतसर कागदात गुंडाळून बरोबर घेतलं. पातेल्यासकट मंदा, मामी आणि मी निघालो.

साहेबांच्या बंगल्याच्या वळणावरच मामी थांबल्या आणि त्यांनी नाक वर केलं.

“तळनाचा वास येतोय.”

“भास असेल, मामी.”

“कांद्याची भजी हायती. दुसरा घाना चाललाय.”

साहेब आत पाटावर बसले होते. त्यांच्या पानात भजी होती आणि पूर्ण चंद्रासारखी एक पोळी होती. आम्ही दारात उभे राहिलो तरी ते पोळीवरून नजर काढेनात.

“घोलप,” ते भारावलेल्या आवाजात म्हणाले, “ही बघा! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गोल पोळी.”

“साहेब, त्याबद्दलच आलो होतो. काल आपल्याकडं आलेलं लाटणं आपलं नाही. आपलं हे.” मी कागद सोडला.

चुलीपुढं बसलेल्या हर्डीकरवहिनी वळल्या. त्यांच्या हातात मामींचं बाभळीचं लाटणं होतं. कागदातलं लाटणं पाहताच त्यांचा चेहरा पडला.

“परत आलं का हे?” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” साहेब म्हणाले. “हे आपलंच आहे?”

“आपलंच. लग्नात माझ्या मामेसासऱ्यांनी दिलेलं. तेव्हापासून नाचतंय. काल तुम्ही नेमकं तेच उचलून आणलंत. गावातली सगळी लाटणी पडलेली असताना! म्हटलं, सरकारनं संधी दिलीच आहे, तर बदलून घ्यावं.”

मी मामींकडं पाहिलं. आता स्फोट होणार असं वाटलं. पण मामी पुढं झाल्या, वहिनींच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “लाटून दावा बघू एक.”

वहिनींनी भीतभीत लाटली.

“लाटन्याचा दोष न्हाई, बाई. तुमी त्येचा गळा दाबताय. बोटं सैल सोडा. नुसता तळवा. व्हय… आता त्ये तुमचं घ्या.”

नाचणारं लाटणं पोळपाटावर आलं. एकदा अडखळलं. मग वळलं. सातारा जिल्हा हळूहळू गोल व्हायला लागला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यानं असेल असं साहेब म्हणाले. मामींनी आपलं लाटणं पदरानं पुसलं, उठता उठता ओट्याला हात टेकला आणि तिथंच थबकल्या.

“अगं बया! तेल हाय की हितं.”

ओट्याखाली पत्र्याचे डबे होते. एकावर एक, मागं भिंतीपर्यंत. प्रत्येकावर पामतेलाचा सरकारी शिक्का.

साहेबांनी हातातलं भजं हळूच पानात ठेवलं.

“ते नमुन्यासाठी आहे,” साहेब म्हणाले. “तेल वाटण्याआधी तपासायचं असतं.”

“भजी तळून?” मंदानं विचारलं. लग्न झाल्यापासून ती परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बोलत होती.

“इतके डबे नमुना?” वहिनी म्हणाल्या. “मला म्हणालात, कचेरीत जागा नाही म्हणून घरी ठेवलेत!”

मी खिशातला पंचनाम्याचा कागद चाचपला. कायदा काय सांगतो ते मला स्पष्ट दिसत होतं. माझी पुढची बदली कुठं होईल, तेही तितकंच स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात मामी मांडी घालून बसल्या.

“मंदे, पातेलं आन. तेल हितं, लाटनं हितं, पुरन आपल्या हातात. अमावास्या कुनासाठी थांबत न्हाई. आता घरी कशाला जायचं? पाव्हनं, टोपी काढा, हातपाय धुवा. बाई, पाट मांडा अन् जरा रांगोळी काढा. सायब, तुमी बसल्यालं उठू नगा. जावयाच्या पंगतीला सोबत लागतीच.”

माझ्या पाटाभोवती वहिनींनी रांगोळी काढली. मंदानं मला कुंकू लावलं, आणि कालपासून पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. कुरडया फुलल्या, भजी आली. बाभळीच्या लाटण्याखाली पोळी कागदासारखी पातळ झाली आणि पुरणाचा कण बाहेर आला नाही. पहिली पोळी मामींनी माझ्या पानात वाढली.

“खावा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. इथं आल्यापासून मला हाक मारताना ‘पाव्हनं’ सोडून त्यांनी वापरलेला तो पहिला शब्द.

दुसरी पोळी त्यांनी उलथण्यावर घेतली आणि साहेबांच्या पानावर धरली. तूप सुटलेली, वाफाळती. साहेबांनी हात पुढं केला. पोळी तिथंच राहिली.

“डबे दुकानात कवा जायाचं?”

“जातील. कार्यवाही चालू आहे.”

पोळी तव्याकडं परत निघाली.

“संध्याकाळपर्यंत!” साहेब म्हणाले.

“संध्याकाळी बायका सैपाक करत्यात. तेल त्येच्या आधी लागतंय.”

पोळी तव्यावर जाऊन बसली. साहेबांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी नव्यानं गोल आलेल्या पोळीचं कौतुक करण्यात गुंतल्या होत्या. मग साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात पुरण होतं.

“गणपत!” साहेबांनी शिपायाला हाक मारली. “हातगाडी आण. हे डबे रेशनच्या दुकानात पोचव. आत्ता. आणि ओगलेबाईंना सांग, वाटपाला उभ्या राहा म्हणावं.”

पोळी पानात पडली.

डबे एकेक करून माझ्या डोळ्यांदेखत बाहेर गेले. शेवटचा डबा दाराबाहेर पडला तेव्हा माझ्यातला फौजदार जागा झाला. असा प्रसंग नोकरीत पुन्हा येणार नव्हता. मी पाटावर ताठ बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “साहेब, कायद्यापुढं लहान कोण आणि मोठा कोण, याचा निवाडा आज या स्वयंपाकघरात…”

साहेबांनी पानातून मान वर केली नाही.

“घोलप,” ते म्हणाले, “ते तूप जरा इकडं सरकवा.”